तबकडीवरील नाव : ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाचा भारतीय इतिहास

ग्रंथाचे मुखपृष्ठ, त्याची बांधणी आणि मुद्राक्षरे यांचा विचार मराठी समीक्षेत उशिरा का होईना, होऊ लागला. ध्वनिमुद्रिकेच्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही. संगीताच्या अभ्यासकांनी तबकडीतला आवाज ऐकला, त्याची परंपरा आणि घराणे निश्चित केले. परंतु तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेले लेबल, तिचे कागदी पाकीट, पुढच्या काळातले पुठ्ठ्याचे वेष्टन आणि त्याच्या मलपृष्ठावरील टिपण यांकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही. व्यापाऱ्याने माल बांधण्यासाठी वापरलेला कागद, एवढेच त्याचे महत्त्व मानले गेले.

वस्तुतः ध्वनिमुद्रणाने भारतीय संगीतव्यवहारात जे परिवर्तन घडवले, त्याची लेखी साक्ष या कागदावरच आहे. मैफलीत गायक समोर बसलेला असतो. त्याचे नाव, गाव, गुरू आणि समाजातले स्थान श्रोत्यांना ठाऊक असते किंवा शेजाऱ्याकडून कळते. तबकडीने आवाज देहापासून वेगळा केला आणि अनोळखी घरात नेऊन ठेवला. त्या क्षणापासून हा आवाज कोणाचा आहे, हे सांगण्याची जबाबदारी वेष्टनावर आली. ती पार पाडताना त्याने कोणाचे नाव घेतले, कोणाचे गाळले, कोणती उपाधी लावली आणि कोणती लिपी वापरली, हे पाहिले म्हणजे वेष्टनाच्या इतिहासातून श्रेयाचा आणि प्रतिष्ठेचा इतिहास उलगडू लागतो.

या इतिहासाच्या आरंभी नाव लिहिले जाण्यापूर्वी ते उच्चारले गेले, ही घटना अर्थपूर्ण आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गेस्बर्ग कोलकात्यास आले आणि त्यांनी स्थानिक कलावंतांची गाणी मुद्रित केली. त्यांत गौहरजान होत्या. सुमारे तीन मिनिटांत ख्याल किंवा ठुमरी आटोपून त्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात. तेथे त्यांच्या तबकड्या छापल्या जात आणि मग त्या भारतात परत येत. हॅनोव्हरच्या कारागिरांना हिंदुस्थानी वा बंगाली कळण्याचा संभव नव्हता. कोणती तबकडी कोणाची, हे त्यांना ओळखता यावे म्हणून ही घोषणा केली जात असे, असा तिचा उलगडा सामान्यतः केला जातो. पण कारखान्याच्या सोयीसाठी केलेल्या या घोषणेतून आणखी काही साधले गेले. गाण्याबरोबर गाणारीचे नाव कोरले गेले आणि लेबल फाटले, पुसले, तरी ते कायम राहिले. गौहरजानांच्या तबकड्यांतील ही नाममुद्रा पाहिली की संतांच्या अभंगातली शेवटच्या चरणातली मुद्रिका आठवल्याशिवाय राहत नाही. रचना लोकांच्या तोंडी जाताना कर्त्याचे नाव तिच्यापासून सुटू नये, ही काळजी दोन्हीकडे सारखीच आहे.

त्या सुरुवातीच्या तबकड्या एकाच बाजूने मुद्रित असत. कोऱ्या बाजूवर कंपनीचे चिन्ह उमटवलेले असे : तबकडीवर बसून पिसाच्या लेखणीने लिहिणारा देवदूत. ध्वनी म्हणजे एक प्रकारचे लेखन, ही कल्पना त्या चित्रात होती. पुढे त्याची जागा कुत्र्याच्या प्रसिद्ध चित्राने घेतली. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने ते १८९८ च्या सुमारास काढले, तेव्हा त्यातील कुत्रा नळकांड्यावर चालणाऱ्या फोनोग्राफसमोर बसलेला होता. ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेण्याची तयारी दर्शवली, ती त्या यंत्राच्या जागी आपले यंत्र रंगवण्याच्या अटीवर. १८९९ मध्ये बॅरॉडने तसे केले आणि त्याला चित्राचे ५० पौंड व हक्काचे ५० पौंड मिळाले. भारतातल्या असंख्य घरांत पोहोचलेले हे चित्र नीट पाहिले तर त्यात गायक कोठेच नाही. आहे तो ऐकणारा. आणि ज्याचा आवाज तो ऐकतो आहे, त्याला ‘धनी’ म्हटलेले आहे. वसाहतीतील श्रोत्यांना या नावात काही खटकले असेल का, हा प्रश्न वेगळा; पण कंपनीची मुद्रा कलावंताच्या मुद्रेपेक्षा मोठी असणार, हे त्या वर्तुळात ठरून गेले.

या तबकड्यांचे अर्थकारणही वेष्टनावरील मजकुराइतकेच बोलके आहे. दर मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती तबकडी लाखेची असे आणि जगाला लाख पुरवणारा प्रमुख देश भारतच होता. येथल्या जंगलातली लाख आणि येथल्या गायिकेचा गळा दोन्ही समुद्रापार जात आणि वस्तू होऊन परत येत. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदह येथे कारखाना निघाल्यावर हा प्रवास थांबला; पुढे तो दमदमला गेला. तरी वेष्टनाचे रूप पालटले नाही. जाड कागदाचे पाकीट, मध्यभागी गोल छिद्र आणि त्यातून दिसणारे लेबल, हीच त्याची रचना पुढची अनेक दशके टिकली. पाकिटावर कंपनीचे नाव, यंत्रांच्या आणि सुयांच्या जाहिराती छापलेल्या असत. भजन, लावणी, नाट्यपद, पोवाडा, भाषण या सर्वांना एकच पाकीट चाले. गाण्याचे स्वतःचे असे जे काही होते, ते सारे त्या छिद्रातून दिसणाऱ्या तळहाताएवढ्या वर्तुळात मावत असे.

म्हणूनच त्या वर्तुळातील प्रत्येक शब्दाला वजन आहे. लेबलवर गाण्याचा मुखडा असे, राग वा गीतप्रकार असे, नाट्यपद असल्यास नाटकाचे नाव असे. आणि गाणाऱ्याचे नाव असे ते एखाद्या उपाधीसह. अलाहाबादच्या जानकीबाई, आग्र्याच्या जोहराबाई यांच्या नावाला गाव जोडलेले असे. हे गाव म्हणजे त्यांचा पत्ता आणि त्यांची कीर्ती, दोन्ही होते. ‘जान’ आणि ‘बाई’ या प्रत्ययांवरून ऐकणाऱ्याला गायिकेचा सामाजिक स्तर कळे किंवा कळला असे वाटे. पुरुषांच्या बाबतीत उपाध्यांची दिशा वेगळी होती. रंगभूमीवरून आलेले ‘मास्टर’ झाले : मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या विद्यालयीन परंपरेतून आलेल्या नारायणराव व्यासांसारख्या गायकांच्या नावाआधी ‘प्रोफेसर’ आले. दरबार आणि कोठी मागे टाकून संगीत शाळेत, सभागृहात आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यात जाऊ पाहत होते. त्या स्थलांतराची नोंद ‘प्रोफेसर’ या एका शब्दात आहे. शिक्षित घराण्यातील स्त्रिया गाऊ लागल्यावर लेबलवर ‘हौशी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द दिसू लागला. गाणे हा आपला व्यवसाय नाही, असे श्रोत्याला आधीच सांगून ठेवण्याची ती तजवीज होती. गाण्यात ‘हौशी’ आणि ‘बाई’ यांच्यातील सीमारेषा आवाजावरून ओळखता येत नसे. ती लेबलवरच आखावी लागे.

बोलपट आल्यानंतर लेबलचा प्रश्न अधिक बिकट झाला. गाणारी एक आणि पडद्यावर ओठ हलवणारी दुसरी, अशी व्यवस्था रूढ झाल्यावर नाव कोणाचे द्यायचे? १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव छापले गेले. कामिनी हे मधुबालाने केलेल्या भूमिकेचे नाव होते. गाणे लता मंगेशकरांचे होते. ते आकाशवाणीवरून वाजू लागल्यावर गायिका कोण, अशी पृच्छा श्रोत्यांकडून होऊ लागली आणि त्यानंतर खरे नाव जाहीर झाले. पार्श्वगायनाच्या इतिहासात हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला जातो, तो एका गायिकेच्या उदयाची कथा म्हणून. वेष्टनाच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळे आहे. लेबलने दिलेले नाव श्रोत्यांनी नाकारले आणि कागदाला दुरुस्ती करावी लागली, असे हे दुर्मिळ उदाहरण आहे. गौहरजानांनी जे स्वतःच्या तोंडाने केले, ते येथे श्रोत्यांनी केले.

याच सुमारास पश्चिमेत वेष्टनाचे स्वरूप पालटत होते. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत काम करणाऱ्या अॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने, तबकड्यांच्या संचांना लावले जाणारे कोरे, करडे पुठ्ठे बाजूला सारून १९४० च्या सुमारास रॉजर्स आणि हार्ट यांच्या गीतांच्या संचासाठी नाट्यगृहाच्या दिव्यांनी उजळलेल्या पाटीचे मुखपृष्ठ केले. दुकानातल्या गिऱ्हाइकाने संगीत ऐकण्यापूर्वी ते पाहावे, ही कल्पना तेथून रुजली. १९४८ मध्ये त्याच कंपनीने दर मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ मुद्रिका बाजारात आणली आणि बारा इंची चौरस पुठ्ठा हा चित्रकाराचा नवा फलक झाला. दीर्घ मुद्रिकेने भारतीय संगीताला दोन गोष्टी एकदम दिल्या : एका बाजूवर वीसेक मिनिटे आलापाला जागा आणि मलपृष्ठावर गद्याला जागा. तीन मिनिटांच्या तबकडीत रागाचे दर्शन होई. आता त्याचा विस्तार शक्य झाला, आणि त्या विस्ताराविषयी लिहिणेही.

हे लेखन प्रथम परक्या श्रोत्यासाठी झाले. १९५५ मध्ये अमेरिकेत ‘एंजल’ या नाममुद्रेखाली अली अकबर खाँ यांची सरोदवादनाची दीर्घ मुद्रिका निघाली. जुन्या देवदूताचेच नाव या नाममुद्रेने पुन्हा घेतले होते. मुद्रिकेच्या आरंभी यहुदी मेन्युहिन यांनी वाद्यांचा, वादकांचा आणि रागांचा परिचय करून दिला आहे. गौहरजान स्वतः आपले नाव सांगत. येथे एक नामवंत पाश्चात्त्य कलावंत भारतीय कलावंताची ओळख करून देतो. पुढील दोन दशकांत भारतात निघालेल्या शास्त्रीय संगीताच्या मुद्रिकांनी हाच परिचयाचा सूर मलपृष्ठावर आणला. रागाची वेळ, आरोह-अवरोह, त्याची प्रकृती, कलावंताची गुरुपरंपरा, तालाच्या मात्रा, असा त्या टिपणांचा ठरलेला आराखडा असे. ती जवळजवळ नेहमी इंग्रजीत असत. धारवाड, कोल्हापूर, मिरज येथे घडलेल्या आणि मराठी वा कानडी बोलणाऱ्या गायकाचे गाणे मराठी घरात वाजे आणि त्याच्याविषयीचा मजकूर त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नसे. ‘उस्ताद’ आणि ‘पंडित’ या उपाध्या पुठ्ठ्यावर दिमाखाने परतल्या, ‘प्रोफेसर’ मागे पडला. परंतु त्या उपाध्यांची लिपी रोमन होती.

तरीही या टिपणांना एक लेखनप्रकार म्हणून पाहिले पाहिजे. त्यांनी साथीदारांना नाव दिले. लाखेच्या तबकडीवर तबलजी आणि सारंगिये बहुधा अनामिक राहिले. पुठ्ठ्यावर त्यांची नावे येऊ लागली. तानपुऱ्याच्या साथीला बसणाऱ्यांची नावे मात्र अनेकदा तेव्हाही गळाली. शिवाय या टिपणांनी संगीताभोवती कथन रचण्याची शक्यता दाखवली. १९६७ मध्ये आलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या मुद्रिकेत शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांनी काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस वेगवेगळ्या प्रहरांच्या रागांतून उभा केला. अहिरभैरवापासून पहाडीपर्यंतचा हा क्रम ऐकणाऱ्याला कथा म्हणून कळतो, तो शीर्षकामुळे आणि सोबतच्या शब्दांमुळे. शब्द काढून टाकले तर राग राहतील. खोरे आणि मेंढपाळ राहणार नाहीत.

चित्रपटगीतांच्या दीर्घ मुद्रिकांनी दुसरी वाट धरली. त्यांचे मुखपृष्ठ म्हणजे भित्तिपत्रकाची लहान आवृत्ती : नायक, नायिका, ठळक रंगांतले शीर्षक. गायक आणि गीतकार मलपृष्ठावर. मुखपृष्ठ डोळ्यांचे आणि मलपृष्ठ कानांचे, अशी ही वाटणी होती. १९७५ च्या ‘शोले’ चित्रपटाच्या संवादांची मुद्रिका निघाली आणि अफाट खपली, तेव्हा गाण्याचे माध्यम म्हणून निघालेली वस्तू पाहिलेल्या चित्रपटाचे स्मरणचिन्ह झाली, हे स्पष्ट झाले.

वेष्टनावरील चित्राची सत्ता किती दूरवर पोहोचते, हे १९६७ या एकाच वर्षातील दोन इंग्रजी मुद्रिकांवरून दिसते. दोन्हींचा भारताशी थेट संबंध आहे. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या मुद्रिकेसाठी पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी ख्यातनाम व्यक्तींच्या प्रतिमांचा जमाव उभा केला आणि मलपृष्ठावर गीतांचे संपूर्ण शब्द छापले गेले. जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहामुळे त्या जमावात परमहंस योगानंद आणि त्यांच्या परंपरेतील गुरू आले. महात्मा गांधींची प्रतिमाही छायाचित्रणासाठी ठेवलेली होती. कंपनीचे प्रमुख जोसेफ लॉकवूड यांनी ती काढायला लावली. भारतात लोकांच्या भावना दुखावतील आणि तेथे या मुद्रिकेला अडचण येईल, ही त्यांची भीती होती. छापील मुखपृष्ठावर गांधी नाहीत. भारतातील बाजारपेठ मोठी असल्यामुळे भारताचा सर्वांत मोठा माणूस चित्राबाहेर गेला.

दुसरी मुद्रिका जिमी हेन्ड्रिक्सची ‘अॅक्सिस : बोल्ड अॅज लव्ह’. तिच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या विराट रूपाच्या एका भारतीय छापील चित्राचा आधार घेऊन त्यात हेन्ड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे बसवलेले आहेत. हेन्ड्रिक्सला स्वतःला हे चित्र आपल्याशी सुसंगत वाटले नव्हते. त्याच्या वंशात अमेरिकेतील आदिवासी रक्त होते आणि ‘इंडियन’ या शब्दाचा तो अर्थ चित्रात यावा, असे त्याचे म्हणणे होते. येथे कलावंताचे नाव अचूक आहे, चेहराही त्याचाच आहे, आणि तरीही वेष्टन त्याच्याविषयी भलतेच सांगते. मूळ देवचित्र काढणाऱ्या भारतीय हाताचा तर प्रश्नच कोणी विचारला नाही. आपल्याकडील कॅलेंडरांवरची आणि देवघरातली छापील चित्रे बहुधा कर्त्याच्या नावाविना फिरत असतात. लंडनच्या वेष्टनावर ती अनामिकता फक्त अधिक उघडी पडली.

१९८० च्या दशकात कॅसेटने हा बारा इंची फलक मोडीत काढला. कॅसेटचे कार्ड हातात मावणारे, घडी घातलेले. सौंदर्यदृष्टीने पाहिले तर ही अधोगतीच म्हणावी लागेल. छपाई भडक, चित्रे दाटीवाटीची, टिपणांना जागाच नाही. परंतु एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे होईल. दीर्घ मुद्रिका काढणे मूठभर मोठ्या कंपन्यांनाच परवडत असे. कॅसेट लहान व्यावसायिकालाही काढता आली, आणि तिचे गिऱ्हाईक इंग्रजी वाचणारे नव्हते. त्यामुळे कार्डावर प्रादेशिक लिप्या परत आल्या. जत्रेत, एस. टी. स्थानकाबाहेर, चैत्यभूमीच्या वाटेवरील दुकानांत जी कॅसेट विकली गेली, तिच्यावरचा मजकूर देवनागरीत होता. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांची विठ्ठलगीते, भीमगीते, लोकगीते या मार्गाने खेड्यापाड्यांत गेली. दीर्घ मुद्रिकेच्या चकचकीत पुठ्ठ्यावर क्वचितच पोहोचलेल्या समाजाच्या गायकाचे नाव आणि छायाचित्र त्या लहान कार्डावर आले, आणि ते त्याच्या स्वतःच्या श्रोत्याला वाचता आले. कलेच्या इतिहासात जे घसरणीचे प्रकरण ठरेल, ते श्रेयाच्या इतिहासात प्राप्तीचे प्रकरण आहे.

१९८२ मध्ये आलेल्या काँपॅक्ट डिस्कने काही काळ लहान पुस्तिकेच्या रूपाने टिपणांना आश्रय दिला. त्यानंतर संगीत वस्तुरूपातूनच बाहेर पडले. आज दूरध्वनीच्या पडद्यावर मुखपृष्ठ नखाएवढे दिसते आणि मलपृष्ठ उरलेलेच नाही. जुन्या मुद्रिकांचा आवाज या नव्या माध्यमात आला, पण साथीदार, बंदिशकार, मुद्रणाचे स्थळ आणि वर्ष यांची माहिती पुष्कळदा मागेच राहिली. लाखेच्या तबकडीवरील अनामिक तबलजी दीर्घ मुद्रिकेने नावानिशी ओळखीचा केला होता. तो पुन्हा अनामिक झाला.

या संदर्भात अंतराळात गेलेल्या एका वेष्टनाचा उल्लेख आवश्यक ठरतो. १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील ध्वनींची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तीत केसरबाई केरकरांचे भैरवीतील ‘जात कहाँ हो’ आहे. ही तबकडी ज्या आवरणात आहे, त्यावर आकृत्या कोरलेल्या आहेत : सुई कोठे ठेवावी, तबकडी कोणत्या गतीने फिरवावी, पाठवणारा ग्रह आकाशात कोठे आहे. अज्ञात श्रोत्याला ऐकण्याची रीत सांगणे, हे वेष्टनाचे मूळ काम तेथे निखळ रूपात आहे. कोणाही गायकाचे नाव त्या आवरणावर नाही. दुसरे यान निघाल्यानंतर काही दिवसांतच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई निवर्तल्या. परग्रहावरील श्रोत्याला त्यांचे नाव कळण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. पृथ्वीवरच्या श्रोत्याला मात्र ते कळलेच पाहिजे.

ही जबाबदारी अखेर ग्रंथालयांकडे येते. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जाते. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांचा समावेश झाला. ध्वनिमुद्रिका त्या कायद्याच्या कक्षेत आल्या नाहीत. जे जतन झाले, ते मुख्यतः खासगी संग्राहकांच्या चिकाटीमुळे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने आणि मायकेल किनिअर यांच्यासारख्या सूचिकाराने लेबल आणि मुद्रणक्रमांक यांच्या आधारेच विसाव्या शतकाच्या आरंभीचा काळ पुन्हा जुळवला. किनिअर यांची पहिल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झाली. लेबले नसती तर ती सिद्ध होणे अशक्य होते.

तरीही संग्रहालयांत आवाजाचे संगणकीय रूपांतर झाले की पाकीट फेकून देण्याची आणि पुठ्ठा जागा अडवतो म्हणून रद्दीत घालण्याची प्रवृत्ती दिसते. पोथीचा पाठ उतरवून घेतला म्हणून तिची पुष्पिका फाडून टाकणारा संशोधक कोणी पाहिला नसेल. लेखकाचे, लेखनिकाचे नाव, स्थळ आणि तिथी पुष्पिकेतच असते. तबकडीचे लेबल ही तिची पुष्पिका आहे. सूचीमध्ये रागाच्या आणि मुख्य गायकाच्या नावापुढे लेबलवरील उपाधी, लिपी, साथीदार आणि मलपृष्ठावरील टिपणाच्या लेखकाचे नाव यांचे रकाने वाढवणे, हे काम खर्चाचे नाही. ज्या ग्रंथालयांत या तबकड्या अद्याप त्यांच्या मूळ पाकिटांत आहेत, तेथे ते आजच सुरू करता येईल.